ज्वालामुखीच्या बेटावर निवांत दिवस घालवायचा असेल तर स्ट्रॉम्बोली

ज्वालामुखीच्या बेटावर एक दिवस घाईगडबड न करता, तिथल्या लोकांचे रोजचे जगणे पाहत घालवायचा असेल तर कुठे जावे, असे आपण विचारले आहे. मी इटलीतील स्ट्रॉम्बोली सुचवेन, मात्र निदान एक रात्र तिथे मुक्काम करण्याची तयारी हवी.

शाळेच्या भूगोलात ‘भूमध्य समुद्राचे दीपगृह’ म्हणून वाचलेला तो हाच डोंगर. त्याची उंची 924 मीटर असून त्याच्या मुखांतून काही मिनिटांच्या अंतराने लहान लहान स्फोट होत राहतात, आणि हा क्रम दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालू आहे. पायथ्याशी जेमतेम चार-पाचशे माणसे राहतात. पर्यटक डोंगराकडे पाहत असले, तरी गावकऱ्यांचे लक्ष समुद्राकडे असते, कारण पिठापासून औषधांपर्यंत बहुतेक सारे बोटीनेच येते. म्हणून सकाळी स्कारीच्या धक्क्यावर जाऊन बसावे. बोट लागली की तीनचाकी गाड्यांची एकच झुंबड उडते, कारण गावातील गल्ल्यांतून मोटार जाणे कठीण. या गाड्यांपैकी बऱ्याचशा ‘आपे’ असतात. बारामतीच्या कारखान्यातून निघून आपल्या रस्त्यांवर धावणारी आपे याच घराण्यातली, त्यामुळे मराठी माणसाला ते दृश्य मुळीच परके वाटत नाही.

त्यानंतर सान व्हिन्चेन्झो चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत यावे आणि बदामाचा ग्रानिता (बर्फाचा गोड गोळा-चुरा) व ब्रियोश पाव अशी सिसिलीची न्याहारी करावी. समोर समुद्रात स्ट्रॉम्बोलिक्को हा सुळका आणि त्यावरील दीपगृह दिसते. इथून पिशिता या वस्तीपर्यंतची वाट मला सर्वांत आवडते. दोन्ही बाजूंना पांढरी, सपाट छपरांची घरे आहेत आणि भिंतींच्या फटींतून केपरची झुडपे उगवलेली असतात. त्यांच्या कळ्या मिठात मुरवून वर्षभर वापरतात. छपरावरची राख झाडणे हा इथे केवळ स्वच्छतेचा प्रश्न नाही, कारण छपरावर पडणारे पावसाचे पाणी घराखालच्या टाकीत साठवण्याची जुनी पद्धत आहे. अनेक घरे मात्र बहुतेक वर्ष बंदच असतात. द्राक्षवेलींवरील रोगाने आणि पुढे 1930 च्या मोठ्या उद्रेकाने कंबरडे मोडल्यावर कितीतरी कुटुंबे ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत निघून गेली.

दुपारी दुकाने बंद असतात. तेव्हा उगाच दारे ठोठावण्यापेक्षा काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर सावली शोधावी, पण उन्हाळ्यात अनवाणी मुळीच चालू नये. बेटाच्या दुसऱ्या टोकाचे जिनोस्त्रा हे वस्तीवजा गाव समुद्रमार्गेच गाठता येते आणि तिथे वीज 2004 मध्ये पोहोचली. वेळ असेल तर तेही पाहावे.

संध्याकाळी पुंता लाब्रोंझो या भूशिराच्या दिशेने चालत जावे. अंधार पडल्यावर शिखराजवळ उडणारे तांबडे निखारे तिथून दिसतात आणि थोड्या वेळाने आवाज येतो. शिखरावर जाण्याचा हट्ट धरू नये. 3 जुलै 2019 रोजी अचानक झालेल्या मोठ्या स्फोटात एका पदभ्रमण करणाऱ्याचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर शिखरावर जाण्यास मनाई करण्यात आली. खालच्या वाटांचे नियमही डोंगराच्या स्थितीनुसार बदलतात, म्हणून ते तिथे पोहोचल्यावर विचारून घ्यावेत. डिसेंबर 2002 मध्ये डोंगराचा काही भाग समुद्रात कोसळून त्सुनामी आली होती. त्यानंतर इशाऱ्याचे भोंगे बसवले आहेत. ते वाजले तर किनारा सोडून उंचावर जावे.

गावात रस्त्यावर दिवे नाहीत, तेव्हा विजेरी जवळ असू द्या. जाण्यासाठी सिसिलीतील मिलाझ्झोहून जलद बोटी सुटतात, तर नेपल्सहून रात्रीची फेरी आहे. समुद्र खवळला की दोन्ही रद्द होतात, त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी हे बेट ठेवू नका.