जमिनीवरचं लपण जंगलातल्याच काटक्या-फांद्यांनी कसं बांधावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत यंदा पहिल्यांदाच धनुष्याने व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला जायचंय, परवाना हातात आहे, झाडावरच्या मचाणावर चढायचं नाही आणि तयार तंबूवर पैसेही घालायचे नाहीत. मग पडलेल्या फांद्या-पाचोळ्यातून लपण उभं राहील का, आणि हरणाला ते कळणार नाही का?

उभं राहतं, आणि नीट जमलं तर तंबूपेक्षा सरस ठरतं. कापडी तंबू एका रात्रीत उगवला की हरणं त्याच्याकडे संशयाने बघतात, लांबून वळसा घालतात. उन्मळून पडलेलं झाड मात्र त्यांच्या रोजच्या बघण्यातलं असतं. पण नवखी माणसं सगळी मेहनत समोरच्या भिंतीवर घालतात. माझ्या मते क्रम बरोबर उलटा हवा: आधी वारा, मग पाठीमागे काय आहे ते, आणि समोरचा आडोसा सगळ्यात शेवटी.

वाऱ्याचं गणित चुकलं तर बाकी सगळं फुकट. डोळ्यांना दिसलेल्या वस्तूबद्दल हरीण जरा घुटमळतं, मान खालीवर करून खात्री करून घेतं. माणसाचा वास आला की घुटमळत नाही. त्यामुळे वारा हरणाच्या येण्याच्या वाटेवरून तुमच्याकडे यायला हवा, निदान आडवा तरी. डोंगरउतारावर आणखी एक भानगड असते. ऊन चढलं की तापलेली हवा उताराने वर सरकते आणि संध्याकाळी गार होऊन खाली ओघळते. म्हणून सकाळी हरणांच्या पाऊलवाटेच्या वरच्या अंगाला बसायचं, संध्याकाळी खालच्या. मात्र सूर्य उगवल्या उगवल्या हवा वर जायला लागत नाही, उतार तापेपर्यंत ती खालीच वाहत असते. हे बघायला मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस खिशात ठेवा. आपल्या रुईच्या म्हाताऱ्यांचाच तो भाऊबंद. एक तंतू सोडला की तो तरंगत पार झाडापलीकडे जातो आणि तुमचा वास कुठे वळसे घेत जाईल ते डोळ्यांनी दिसतं. वारा बघायला मिळते ती पावडरची डबी फक्त हातभर अंतरावरचं सांगते.

एकच लपण सगळ्या वाऱ्यांना चालत नाही. दोन वेगळ्या दिशांच्या वाऱ्यांसाठी दोन साधी लपणं बांधा. एका देखण्या लपणापेक्षा ती जास्त उपयोगी पडतात.

आता पाठ. हरणाच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्याला तीन. तांबडा आणि नारिंगी त्याला वेगळा असा कळत नाही, पण निळा चांगला कळतो. आपल्या डोळ्यातलं भिंग अतिनील किरण बरेचसे अडवतं, त्याचं तसं अडवत नाही; त्यामुळे कपडे 'उजळ' करणाऱ्या साबणात धुतलेलं जॅकेट संधिप्रकाशात त्याला झळकतं. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणून जवळजवळ ३०० अंशांचा परीघ त्याच्या नजरेत असतो. बारीक तपशील आपल्याइतका स्पष्ट दिसत नाही, पण हालचाल आणि आकाराची कडा चटकन टिपली जाते. मोकळ्या आभाळावर किंवा उजेडाच्या पट्टीवर उमटलेलं डोकं आणि खांदे लपवायला समोर कितीही पानं लावली तरी पुरत नाहीत. पाठीशी रुंद बुंधा, दाट झुडूप किंवा वादळात उन्मळलेल्या झाडाची मातीसकट वर आलेली मुळं हवीत. अशी मुळं मिळाली तर मी दुसरी जागा शोधतच नाही. खाली बहुतेकदा खळगा असतो, आपण त्यात बसलो की अर्धं काम झालेलं असतं.

जागा पाऊलवाटेपासून १५ ते २० यार्डांवर धरा. अगदी वाटेला खेटून बसलात तर धनुष्य ताणतानाची हालचाल हमखास दिसते. सकाळच्या लपणाचं तोंड पूर्वेला नको. ऊन थेट चेहऱ्यावर येतं, तुम्हाला समोरचं दिसत नाही आणि हरणाला तुम्ही लख्ख दिसता.

समोरचा आडोसा बसल्यावर छातीपर्यंत आला की पुरे, म्हणजे साधारण तीन फूट. एक जाड ओंडका आडवा टाका, त्यावर दोन-चार फांद्या तिरक्या टेकवा, मधल्या फटींत काटक्या खोचा. भिंतीसारखं सपाट, चौकोनी काही करू नका. साहित्य एकाच ठिकाणाहून ओरबाडू नका. लपणाभोवतीची जमीन उघडी पडली की तीच खूण होते. ओकची हिरवी फांदी उन्हाळ्यात तोडली तर वाळल्यावरही पानं देठाला चिकटून राहतात, त्यामुळे हंगामाआधी काही आठवडे बांधलेलं लपण टिकतं आणि हरणांनाही त्याची सवय होते. स्प्रूस आणि हेमलॉक या सूचिपर्णी झाडांच्या सुया मात्र वाळल्या की लगेच झडतात. सरकारी जमिनीवर जिवंत फांदी तोडायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते, तिथे फक्त पडलेलंच वापरायचं. नियम राज्यागणिक, कधी कधी एकेका जंगलागणिक बदलतात, म्हणून त्या जागेचं नियमपत्रक आधी वाचा.

बांधून झालं की वाटेवर जा, गुडघे वाकवून डोळे जमिनीपासून तीनेक फुटांवर आणा आणि तिथून लपणाचा फोटो काढा. फोनमध्ये तो कृष्णधवल करा. रंग गेले की कुठे काळं भोक पडलंय आणि कुठे फिकट ठिगळ दिसतंय ते लगेच कळतं. स्टुलावर मित्राला बसवलंत तर उत्तम.

बाण कुठून जाणार याकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत. आपण बघतो धनुष्यावरच्या नेम धरायच्या पिनमधून, आणि बाण सुटतो तिच्या काही इंच खालून. जवळच्या अंतरावर पिनला समोर मोकळं दिसत असतं, पण बाणाच्या वाटेत ओंडक्याची कड किंवा एखादी काडी आडवी आलेली असते. बोटाएवढ्या काडीनेही बाण भलतीकडे वळतो आणि जनावर जखमी होऊन पळतं. रायफललाही हेच लागू आहे: दुर्बीण नळीच्या दीड-दोन इंच वर बसवलेली असते, तिच्यातून रान स्वच्छ दिसतं आणि गोळी समोरच्या ओंडक्यात शिरते. तेव्हा स्टुलावर बसून, शिकारीला घालणार तेच जाड जॅकेट घालून धनुष्य पूर्ण ताणा. बाण लावलेला असूद्या, पण सोडू नका. बाण न लावता तार सोडली तर धनुष्य फुटू शकतं. धनुष्याची वरची-खालची टोकं, कोपर, बाणाचं पातं, यांतलं काही कुठे घासतंय का ते एका जागी थांबून ऐका. बाण सोडायला ठेवलेल्या प्रत्येक मोकळ्या जागेकडे वळून हेच करा, आणि जी काडी खरखरली ती तिथल्या तिथे मोडून टाका.

पायाखालचा पाचोळा सगळा बाजूला सारून काळी माती उघडी करा. थंडीत कडक झालेल्या ओकच्या पानावर टाच जरा सरकली तरी शांत रानात तो आवाज लांबवर जातो.

मचाणावरून बाण किंवा गोळी खाली जमिनीकडे जाते. लपणातून ती जवळजवळ आडवी सुटते, म्हणून हरणाच्या मागे टेकाड किंवा चढ नसेल तर तिकडे नेम धरायचाच नाही, मागे फक्त झुडपं असली तरी. बंदुकीचा हंगाम चालू असताना बऱ्याच राज्यांत धनुष्यवाल्यांनाही भडक नारिंगी घालावं लागतं, काही राज्यांत लपणावरही नारिंगी कापड बाहेरून दिसेल असं लावावं लागतं. कायद्यात नसेल तरी लावा. तुम्ही जितके चांगले लपाल, तितके दुसऱ्या शिकाऱ्यालाही दिसणार नाही. हरणाला त्या रंगाचं सोयरसुतक नसतं.

बसण्याआधी एकदा वर बघा. डोक्यावर वाळकी, अडकलेली फांदी असेल तर जागा बदला. घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते कानामागे, काखेत, कमरेशी नीट तपासा, कारण अमेरिकेतल्या गोचिडीपासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. आणि फांद्या बांधायला समोर दिसेल ती वेल ओढू नका. पॉयझन आयव्हीची तीन-तीन पानं शरदात गळून जातात, मागे उरते ती झाडाला चिकटलेली केसाळ वेल, आणि तिच्यातला चीकही तितकाच खाजरा असतो. साधा तागाचा सुतळीतोडा सोबत ठेवा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: इथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार गुन्हा आहे. फोटोसाठी लपण बांधायचं असेल तर वरचं जवळजवळ सगळं चालेल, फक्त वनखात्याची परवानगी आधी घ्या आणि बाणाच्या जागी लेन्सची वाट मोकळी करा.