साताऱ्यात कॉलेजकडून गोलकीपर खेळलो, आता फुटबॉल कोच व्हायचंय. कीपरला अख्खी टीम शिकवता येते का? आणि आधी लायसन्स काढू की आधी मुलं गोळा करू?

येते. दिनो झोफ कीपर होता, त्याने कोच म्हणून इटलीला 2000 च्या युरोच्या फायनलपर्यंत नेलं. स्पेनचा कोच राहिलेला लोपेतेगी, टॉटनमचा कोच राहिलेला नुनो हेही कीपरच. आपल्याकडे मात्र ज्या पोराला पळवत नाही त्याला गोलात उभं करतात आणि वर म्हणतात, कीपरला खेळातलं काय कळतंय! त्यांच्याशी वाद घालत बसू नका.

पण कीपरचा कोच झाला की एक खोड हमखास लागते. पेनल्टी स्पॉटवरून दणादण शॉट मारायचे आणि त्यालाच प्रॅक्टिस म्हणायचं. पोरगं उठायच्या आत पुढचा बॉल आलेला असतो, त्यामुळे ते पाय हलत असतानाच डाइव्ह मारतं आणि तीच सवय मॅचमध्ये नेतं. बॉलला लाथ बसते त्या क्षणी कीपरचे दोन्ही पाय जमिनीवर आणि भार चवड्यांवर हवा. तो तसा सेट होईपर्यंत शॉट मारायचाच नाही. सहा बॉल झाले की दम खाऊ द्या.

डाइव्ह शिकवायला आपली मुरमाड मैदानं कामाची नाहीत. कोपर एकदा सोललं की पोरगं महिनाभर अंग टाकत नाही. शाळेत लांब उडीचा खड्डा असतोच. खोऱ्याने वाळू उलथी करा, काचा-खडे वेचा. आधी गुडघ्यावर बसवून, बॉल दोन्ही हातांत देऊन कुशीवर पडायला लावा: मांडी, कंबर, बरगडी, खांदा या क्रमाने. मग उकिडवं बसून, मग उभ्याने. खालचा हात बॉलच्या मागे, वरचा हात बॉलवर, खालून जमीन. पोरगं पोटावर पडत असेल तर बॉलच्या बाजूचा पाय आधी टाकत नाहीये. तो पाय तिरका, पुढे पडला पाहिजे. मागे पडला तर बोटाला लागलेला बॉलही गोलातच जातो. कोपर बरगडीखाली अडकत असेल तर सरळ परत गुडघ्यावर बसवा. फूटवर्क मात्र वाळूत घेऊ नका, पाय रुततात आणि चाल मंदावते.

बॉल बारा वर्षांखालच्यांना चार नंबरचाच. नियमात हवा 8.5 ते 15.6 पीएसआय आहे, लहानांना खालच्या टोकाला ठेवा. टणक बॉल बोटांवर बसला की पोरं डोळे मिटतात, आणि ती सवय सुटता सुटत नाही.

आता टीमचं. तुमची कच्ची बाजू म्हणजे गोलकडे पाठ करून बॉल घेणं. ते तुम्ही कधी केलेलंच नसतं. दहा बाय दहा मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध दोन खेळवा, दोनच टच, आणि स्वतःही आत उतरा. कीपरलाही त्यातच घ्या. "कीपरने लांब मारायचं, बास" म्हणणारे सर अजून भेटतील. बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला बॉल, हातात घ्यायची बंदी 1992 पासून आहे, गोलकिक 2019 पासून बॉक्समधल्या जोडीदाराला देता येते, आणि 2025 पासून आठ सेकंदांहून जास्त वेळ बॉल हातात धरला तर समोरच्याला कॉर्नर. पाय न चालणारा कीपर आता टीमवर ओझं आहे.

लायसन्सचं थोडक्यात: सुरुवात डी पासून, कोर्सच्या तारखांसाठी विफावर, म्हणजे महाराष्ट्राच्या फुटबॉल संघटनेवर, लक्ष ठेवा. पुढे सी, बी, ए. गोलकीपिंगचे कोर्स वेगळे. मुलं मात्र आधीच गोळा करा. समोर पोरं नसताना केलेला कोर्स वहीतच राहतो.

हो, आणि हलवता येणारे गोलपोस्ट वापरत असाल तर मागच्या पाइपवर वाळूची पोती टाकल्याशिवाय प्रॅक्टिस सुरू करू नका. पोरं क्रॉसबारला लोंबकळतात आणि पोस्ट अंगावर येतो.