पहिल्या डोसनंतर बाळाला ताप आला, आता घरचे पुढच्या लसी नको म्हणतात. काय करू?

तुम्ही लिहिलंय की दीड महिन्याचे डोस दिले त्या रात्री मुलगी तापाने फणफणली, मांडीला गाठ आली, आणि आता सासूबाई ‘आमच्या वेळी कुठं होतं हे सगळं, पोरं वाढलीच ना’ म्हणत अडून बसल्यात. नवराही त्यांच्याच बाजूने. मी उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. सासूबाईंचं हे वाक्य मी घरोघरी ऐकलंय.

आधी ताप. दीड महिन्याला तीन सुया आणि तोंडावाटे दोन लसी असतात. डाव्या मांडीत देतात ती पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस. तिच्यातला डांग्या खोकल्याचा भाग अख्ख्या, मारलेल्या जंतूंचा असतो आणि ताप बहुधा त्यामुळेच येतो. एक-दोन दिवसांत उतरतो. नाही उतरला तर दाखवा. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, सिस्टर सांगतील तेवढंच. गाठ आपोआप जिरते, तिला चोळू नका, शेकू नका, हळद-चुना लावू नका. खाजगीत ‘न दुखणारी’ लस मिळते, तिच्यात डांग्या खोकल्याचे अख्खे जंतू नसतात. तिने ताप कमी येतो, पण संरक्षण लवकर ओसरतं. तरी घरचे तेवढ्यावर तयार होत असतील तर घ्या, काहीच न देण्यापेक्षा केव्हाही बरी.

मात्र त्या रात्री झटका आला होता का? तीन तास किंवा जास्त न थांबता रडली का? अंग एकदम ढिलं पडलं होतं का? यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, मगच पुढचा डोस.

आता सासूबाई. गृहभेटीला गेलं की ‘बाळ मामाच्या गावाला गेलंय’ म्हणायचे आणि आत पाळण्याची कडी करकरत असायची. अशा घरी लसीचं महत्त्व सांगत बसून उपयोग नसतो. तापलेलं बाळ मांडीवर घेऊन रात्र काढते आजी, ‘तू नेलंस म्हणून झालं’ हे ऐकून घेते सून, आणि ताप येणार हे आजीला आधी कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून पुढच्या वेळी त्यांनाच सोबत न्या. कुठली लस, कशासाठी, काय त्रास होईल, पुन्हा कधी यायचं, हे सिस्टरनी सांगायचंच असतं. ते त्यांच्यासमोर सांगू दे. लसीची बाटलीही बघायला मागा. तिच्यावर एक गडद वर्तुळ आणि आत फिकट चौकोन असतो. उष्णता लागली की चौकोन काळवंडत जातो, वर्तुळाएवढा गडद झाला की बाटली बाद. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका हे बघून सिस्टरपेक्षा कडक तपासणी करायच्या!

‘आमच्या वेळी’चं उत्तर त्यांच्याकडेच असतं. त्यांना किती भावंडं झाली आणि किती जगली, हे कधीतरी निवांत बसल्यावर विचारा. टोमणा वाटणार नाही असं. बाळांना नेमाने लसी द्यायचा सरकारी कार्यक्रम देशात सुरू झाला १९७८ मध्ये, गोवराची लस त्यात आली १९८५ मध्ये.

नवऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या मेसेजबद्दल थोडंच सांगते. नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांत गोवर-रुबेलाची मोहीम निघाली, तेव्हा ‘ही लस घेतली की पुढे मूल होत नाही’ असं फिरत होतं. ते खोटं होतं. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, मुलं दगावली, आणि त्यातल्या बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. सगळ्यांच्याच आईवडिलांनी नाकारली असं नाही हं. टाळेबंदीत लसीकरणाची सत्रं बंद पडली होती, कित्येक कुटुंबं कामासाठी फिरती होती.

पुढच्या डोसची, अडीच महिन्यांची तारीख उलटून गेली असेल तर घाबरू नका. पहिला डोस वाया जात नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, थांबलात तिथून पुढे चालू. कार्ड घेऊन येत्या सत्राला जा, आशाताईंना आदल्या दिवशी फोन करून ठेवा.