साहित्यिक कादंबऱ्यांत काही घडतच नाही, मग त्या वाचायच्या कशा?

तुम्ही लिहिलंय की रहस्यकथा आणि ऐतिहासिक कादंबऱ्या तुम्ही एका बैठकीत संपवता, पण नावाजलेली साहित्यिक कादंबरी उघडली की पन्नासेक पानांत कंटाळा येतो, कारण तिच्यात काही घडत नाही. मला वाटतं, घडतं पुष्कळ. फक्त ते कुणी ओरडून सांगत नाही. 'पुढे काय होणार' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि 'हे कोण सांगतंय, त्याच्या नजरेला काय पडतंय' तिकडे लक्ष द्या.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घ्या. कथानक म्हणाल तर एवढंच: एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, दुष्काळ पडतो, वाडी उठते. पण त्या वाडीत शेकू आहे. शेत करायचंय आणि बैल एकच. मग दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको औताला खांदा देते. माडगूळकर इथे हळहळत नाहीत, व्यवस्थेवर भाष्य करत नाहीत. जे दिसलं ते सांगून पुढे जातात. दुसऱ्या एखाद्याने या प्रसंगावर पानभर अश्रू ढाळले असते आणि आपण ते पान विसरून गेलो असतो. मला मात्र तो प्रसंग आजही छातीवर दगड ठेवल्यासारखा वाटतो. तसाच तो म्हातारा कारभारी. आधी पोरसवदा मास्तरला सांभाळून घेतो आणि मग एका गैरसमजापायी तोंड फिरवतो. कुठल्याही रहस्यकथेतल्या खुनापेक्षा मला त्या अबोल्याची जास्त धास्ती वाटली होती!

तरी तुम्हाला वेगवान गोष्टींची सवय आहे, तेव्हा सुरुवात विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'पासून करा. १९३९ची, छोटीशी कादंबरी. युरोपातून येणारी बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून देशोधडीला लागलेले ज्यू, आणि चक्रधर नावाच्या मराठी तरुणाचं हेर्टा या ज्यू तरुणीवर जडलेलं प्रेम. मुंबई आली की तो उतरणार, तिला पुढे जावं लागणार. हे दोघांना पहिल्यापासून माहीत आहे आणि आपल्यालाही. शेवट झाकून न ठेवताही वाचकाचा जीव टांगणीला लावता येतो, हे या पुस्तकाइतकं स्वच्छ मला दुसऱ्या कुठल्या मराठी पुस्तकात दिसलेलं नाही.

त्यानंतर 'बनगरवाडी', मग उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०). नवरा नाकर्ता, आणि कौतिक एकटीच्या जिद्दीवर संसार ओढतेय. तिच्यातली वऱ्हाडी बोली पहिल्यांदा अडखळवेल. संवाद सरळ मोठ्याने वाचा, थोड्या पानांनंतर कान सरावतो. ती बोली काढून प्रमाण मराठी घातली तर कौतिक उरणारच नाही, असं माझं ठाम मत आहे.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) बरेच जण सगळ्यात आधी सुचवतात. मी नाही सुचवणार. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृह, मेस, मित्र, प्राध्यापक, सगळ्यांची टर उडवत राहतो, आणि घाईने वाचणाऱ्याला तेवढंच दिसतं. मग त्याची धाकटी बहीण मनी जाते. इतका वेळ प्रत्येक गोष्ट उडवून लावणाऱ्या त्या आवाजाला हे दुःख उडवून लावता येत नाही. ती पानं तुमच्यापर्यंत पोचायची असतील तर त्याआधीची टवाळी सावकाश, एकही पान न गाळता वाचलेली असायला हवी. म्हणून आधीच्या तिन्ही वाचा, मगच 'कोसला' हातात घ्या, आणि दिवसाला वीसेक पानांपेक्षा जास्त वाचू नका.