शनिवारची रात्र कशी चालत असे, ते विचार

सप्रेम आशीर्वाद.

अमेरिकेतल्या न्यू जर्सीतील फ्लेमिंग्टन स्पीडवेच्या, म्हणजे तिथल्या बंद पडलेल्या मोटार-शर्यतींच्या ट्रॅकच्या, आठवणी गोळा करण्याचा तुझा बेत वाचून मनापासून आनंद झाला. सोबत पाठवलेली प्रश्नावलीही नीट पाहिली. तीत बहुतेक प्रश्न कोण जिंकले, किती वेळा जिंकले, सर्वांत वेगवान फेरी कोणाची, अशा स्वरूपाचे आहेत. ते सगळे काढून टाकावेत असे मला वाटते. निकाल त्या त्या आठवड्यात छापले गेलेले आहेत. ट्रेंटनहून १९६३ पासून निघणाऱ्या ‘एरिया ऑटो रेसिंग न्यूज’च्या आणि स्थानिक वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत शोध घेतलास तर ते कोणाच्याही स्मरणशक्तीवर भार न टाकता मिळतील. कुठेच छापले गेले नाही ते वेगळे आहे: शनिवारची एक रात्र उभी करायला किती हात लागत आणि ते हात नेमके काय करीत. हे सांगू शकणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि तुझ्याजवळ वेळ थोडा आहे.

आधी जागेविषयी थोडे, कारण मुलाखतीला जाणाऱ्याला एवढे ठाऊक असलेच पाहिजे. न्यू जर्सीच्या हंटरडन काउंटीत, रूट ३१ च्या कडेला, फ्लेमिंग्टनची शेतकी जत्रा भरत असे. ती १८५६ मध्ये सुरू झाली. जत्रेच्या मैदानात हलक्या गाडीला जुंपलेल्या, दुडक्या चालीच्या घोड्यांच्या शर्यतींसाठी मातीचा वर्तुळाकार मार्ग होता आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याच मार्गावर मोटारी धावू लागल्या. अमेरिकेतल्या कितीतरी जुन्या ट्रॅकची जन्मकथा अशीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शनिवारच्या साप्ताहिक शर्यती रुजल्या. शेवटच्या काळात ट्रॅकची लांबी पाच-अष्टमांश मैल, म्हणजे जवळजवळ बरोबर एक किलोमीटर होती, आणि त्याचा आकार नेहमीच्या लंबगोलापेक्षा चौकोनाकडे झुकणारा होता, चार वेगवेगळी वळणे असलेला. १९९१ च्या हंगामापासून मातीच्या जागी डांबर आले. १९९५ ते १९९८ या चार वर्षांत नॅसकार या अमेरिकेतल्या मोटार-शर्यतींच्या मोठ्या संस्थेच्या ट्रक मालिकेतल्या पिकअप गाड्याही तिथे धावल्या. २००२ मध्ये सगळे थांबले. आज तिथे दुकाने आणि त्यांचे वाहनतळ आहेत.

आता मातीकडे वळतो, कारण मला स्वतःला तिच्याविषयी सर्वांत अधिक आस्था आहे. डांबरी ट्रॅक सकाळी जसा असतो तसाच रात्रीही बराचसा राहतो. मातीचा ट्रॅक मात्र दर शनिवारी नव्याने घडवावा लागतो. चिकणमाती उकरून तिच्यात टँकरने पाणी मुरवायचे, वरून दाबायचे, पुन्हा पाणी मारायचे; ऊन किती आहे, वारा कुठून आहे, आदल्या रात्री पाऊस झाला होता का, यावर पाण्याचे प्रमाण ठरायचे. पाणी कमी पडले तर तासाभरात धूळ उडून समोरचे दिसेनासे होते. जास्त झाले तर गाड्या चिखलात रुततात. संध्याकाळी पहिल्या हीट, म्हणजे मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या शर्यती, सुरू होत तेव्हा माती ओलसर आणि चिकट असे, टायरला धरून ठेवणारी, आणि वळणावरच्या प्रेक्षकांच्या अंगावर तिची ढेकळे येऊन पडत. रात्र चढत जाई तसा एक काळपट, गुळगुळीत पट्टा तयार होई आणि मुख्य शर्यतीपर्यंत तीच माती कडक, निसरडी झालेली असे. म्हणजे एकाच रात्रीत एकाच चालकाला दोन वेगळ्या ट्रॅकवर गाडी चालवावी लागे, आणि दुसरा ट्रॅक कसा असेल याचा अंदाज बांधून त्याला गाडी आधीच तयार ठेवावी लागे.

म्हणून पाण्याचा टँकर चालवणारा माणूस सापडला, तर विजेत्या चालकाच्या आधी त्याच्याकडे जा. पहिला टँकर किती वाजता निघायचा, कोणत्या वळणावर माती लवकर सुके, निर्णय कोण घेई, आणि ट्रॅक बिघडला तर शिव्या कोणाला खाव्या लागत, हे त्याला विचार. त्याच्या उत्तरातून तुला ट्रॅकची जी ओळख होईल ती कुठल्याही निकालपत्रकातून होणार नाही.

मेकॅनिकांना टायरविषयी विचार. गाडी सतत डावीकडेच वळायची असल्यामुळे मागच्या उजव्या चाकाचा टायर डाव्यापेक्षा परिघाने काही इंच मोठा ठेवत. तेवढ्या फरकाने गाडी आपसूक डावीकडे झुकते. सुकलेल्या मातीवर वळताना गाडीचे मागचे अंग बाहेर फेकले जाई, आणि चालक स्टिअरिंग उजवीकडे धरून, पायाखालच्या ॲक्सिलरेटरने तिला डावीकडे वळवीत असे. मी पेशाने यंत्र अभियंता आहे. हे सगळे कागदावर मांडता येते. पण वेल्डिंगचे काम करणारा, दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करणारा माणूस टायरभोवती मोजपट्टी गुंडाळून, हवा थोडी कमी-जास्त करून तो फरक कसा साधत असे, हे मी पिटच्या, म्हणजे गाड्या तयार करण्याच्या जागेच्या, कुंपणापाशी उभा राहून पाहिले आहे, आणि त्या कौशल्याविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. त्या माणसांनी आपल्या विद्येचे टिपण क्वचितच ठेवले. तुझ्या रेकॉर्डरसमोर त्यांनी मोजपट्टी कशी धरायची एवढे जरी दाखवले, तरी ते मोलाचे आहे.

आणखी एक वर्ग हटकून राहून जातो, तो म्हणजे नोंदी ठेवणाऱ्यांचा. गाड्यांवर इलेक्ट्रॉनिक यंत्रे बसण्यापूर्वी प्रत्येक फेरीत कोणती गाडी कितव्या क्रमांकाने रेषेवरून गेली, हे माणसे हाताने लिहीत. एक जण नंबर उच्चारी, शेजारची व्यक्ती मांडीवरच्या फळीला लावलेल्या कागदावर तो उतरवी. वीस-पंचवीस गाड्या, त्यांतल्या काही एका फेरीने मागे पडून पुढच्यांत मिसळलेल्या, डोळ्यांत धूळ, आणि मध्येच अपघात होऊन वेग कमी करण्याचा पिवळा झेंडा. हे काम अनेक ट्रॅकवर चालकांच्या आणि मेकॅनिकांच्या घरच्या स्त्रिया करीत. वाद झाला की त्यांचा कागद शेवटचा शब्द ठरे, पण शर्यतीच्या बातमीत त्यांचे नाव येत नसे. त्यांच्याकडे जाण्याआधी शक्य तर एखाद्या जुन्या नोंदपत्रकाची प्रत मिळव आणि ती समोर ठेवून त्यांना वाचायला सांग. हातात कागद आला की आठवण वेगळ्या तऱ्हेने जागी होते.

काळाच्या बाबतीत कोणावरही विसंबू नकोस. माणसे खोटे बोलत नाहीत. त्यांचे दोन-तीन हंगाम एकमेकांत मिसळलेले असतात. यावर छायाचित्रे फार उपयोगी पडतात. मॉडिफाइड, म्हणजे शर्यतीसाठी फेरफार केलेल्या, वर्गाच्या गाड्यांवर बराच काळ महायुद्धापूर्वीच्या जुन्या दोन दारी कूपे गाड्यांचे बाहेरचे सांगाडे (बॉडी) असत. सत्तरच्या दशकात त्यांच्या जागी पिंटो, व्हेगा, ग्रेमलिन अशा छोट्या गाड्यांचे सांगाडे आले. या तिन्ही गाड्या १९७० मध्ये बाजारात आल्या, त्यामुळे चित्रात पिंटो दिसत असेल तर ते त्यापूर्वीचे असणे शक्य नाही, मग सांगणारा कितीही ठामपणे १९६८ म्हणो. पृष्ठभाग मातीचा की डांबराचा, हे पाहिले की १९९१ च्या अलीकडचे की पलीकडचे, तेही ठरते. छायाचित्राच्या दोन्ही बाजूंची प्रत घे, कारण पाठीमागे पेन्सिलने लिहिलेले असते. मूळ प्रत त्याच दिवशी परत कर.

डांबराविषयी विचारशील तेव्हा आवाज चढतील, त्याची तयारी ठेव. मातीवर वाढलेल्या कित्येकांच्या लेखी फ्लेमिंग्टन १९९० मध्येच संपले. दुसरीकडे, डांबरावर ज्यांनी कारकीर्द सुरू केली, त्यांच्यासाठी तो अतिशय वेगवान, मानाचा ट्रॅक होता आणि नॅसकारचे राष्ट्रीय पातळीवरचे चालक आपल्या गावी येतात याचा त्यांना रास्त अभिमान होता. मी स्वतः मातीच्या बाजूचा आहे, हे तुला एव्हाना कळले असेलच. म्हणूनच सांगतो की दुसऱ्या बाजूची माणसे मुद्दाम शोध आणि त्यांना तेवढाच वेळ दे.

त्या डांबरी वर्षांतली एक गोष्ट तर कोणीही दुर्लक्षू नये. वळणांवरच्या भिंतींपुढे तिथे फोमचे भलेमोठे ठोकळे रचले होते, आपण ज्याला थर्मोकोल म्हणतो त्याच जातीचे. गाडी आदळली की ठोकळा चिरडला जाई, थांबण्याचा काळ लांबे आणि माणसाच्या मानेवर येणारा झटका कमी होई. धडकेनंतर पांढरा चुरा ट्रॅकभर उडे आणि तो झाडून काढेपर्यंत शर्यत थांबे. याची कुरकूर तुला ऐकायला मिळेल, तीही लिहून घे. पुढे नेब्रास्का विद्यापीठात विकसित झालेली, पोलादी नळ्यांमागे फोम असलेली भिंत २००२ मध्ये इंडियानापोलिसला प्रथम बसली आणि नंतर मोठ्या ट्रॅकवर सर्वत्र पसरली. फ्लेमिंग्टन बंद पडले तेही त्याच वर्षी. पण एकातून दुसरे निघाले असे मात्र कागदोपत्री आधार हाती आल्याशिवाय लिहू नकोस, तुला कोणी छातीठोकपणे सांगितले तरी.

अपघातांत गेलेल्यांविषयी तू स्वतःहून विषय काढू नयेस. ज्या घरात ते घडले आहे तिथली माणसे आपल्या वेळेला बोलतात, किंवा बोलत नाहीत. बोलली तर मध्येच प्रश्न विचारू नकोस, आणि लिहिलेला मजकूर त्यांना वाचून दाखवल्याशिवाय कोणाला देऊ नकोस. हा नियम मी तुझ्यावर सक्तीने घालतो आहे.

ट्रॅक का गेला, याचे उत्तर बहुतेक जण एखाद्या माणसाचे नाव घेऊन देतील. नाव टिपून ठेव, पण त्यावर निवाडा देऊ नकोस. ज्या जागेतून उत्पन्न येते ते उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री आणि जत्रेच्या दिवसांत, तिला कर मात्र बाराही महिने भरावा लागतो. शेजारी शेते होती तोवर धूळ आणि आवाज चालून गेला, घरे आली तसा तो खुपू लागला. आणि हमरस्त्याकडेच्या सपाट जमिनीला दुकानदारी जी किंमत देते ती शर्यत देऊ शकत नाही. इतरत्रही हेच झाले. ट्रेंटनचा स्पीडवे १९८० मध्ये बंद झाला आणि तिथल्या जत्रेच्या मैदानाच्या एका भागात आज शिल्पांची बाग आहे. पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगच्या जत्रेचा ट्रॅक १९७९ मध्ये संपून तिथे मॉल आला, आणि पुढे तो मॉलही पाडला गेला.

तू पत्रात एक शंका लिहिली आहेस: हा इतिहास आपला नाही, मग आपण मराठी माणसांनी त्यात का पडावे? गावातल्या ग्रंथालयात जाऊन पाहा. १९३५ मध्ये फ्लेमिंग्टनच्या न्यायालयात प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्ग यांच्या बाळाच्या हत्येचा खटला चालला, त्यावर फळ्या भरतील इतके लिहिले गेले आहे. त्याच गावात पिढ्यान् पिढ्या जमणाऱ्या शनिवारच्या गर्दीविषयी त्या मानाने फारच थोडे आहे. आणि तुझ्याजवळ एक कान आहे जो इतरांजवळ सहसा नसतो. जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांत बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली आणि २०२१ च्या डिसेंबरात ती उठली. मधल्या वर्षांत ओस पडलेल्या घाटाविषयी, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीविषयी, एखाद्या गाडामालकाला बोलताना ज्याने ऐकले आहे, बैलाचा खुराक, जुंपणी, बारीचा, म्हणजे गाडे सोडण्याच्या पाळीचा, क्रम हे सारे तो कसे सांगतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हंटरडनचा म्हातारा मेकॅनिक इंजिनाविषयी बोलू लागला की कुठे थांबायचे आणि कुठे पुढचा प्रश्न विचारायचा, हे शिकवावे लागत नाही. शिवाय ज्या वाहनतळावर आपण आठवड्याची खरेदी करून गाडीत भरतो, त्याखाली काय होते हे जाणून घेण्याचा हक्क तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला आहे.

मुलाखतीला जाताना जुने हवाई छायाचित्र आणि कोरा कागद दोन्ही ने. आधी कागदावर त्यांना ट्रॅक काढायला सांग, त्यात त्यांची बसण्याची किंवा काम करण्याची जागा दाखवायला सांग, आणि मगच छायाचित्र समोर ठेव. हा क्रम उलटा करू नकोस. छायाचित्र आधी पाहिले की माणूस त्याचीच नक्कल काढतो. शिवाय निदान एक शनिवार अजून चालू असलेल्या मातीच्या ट्रॅकवर घालव. पेनसिल्व्हेनियातले ग्रँडव्ह्यू त्यासाठी चांगले आहे. खाली वळणापाशी बस, चष्मा घाल, आणि सुरुवातीच्या हीटपासून शेवटच्या शर्यतीपर्यंत मातीचा रंग कसा बदलतो एवढेच पाहा. मगच पहिल्या मुलाखतीला जा.

सर्व ध्वनिमुद्रणांची एक प्रत हंटरडन काउंटी हिस्टॉरिकल सोसायटीकडे ठेवता येईल का, हे काम सुरू करण्याआधीच त्यांना पत्र लिहून विचार, आणि बोलणाऱ्यांची लेखी संमती पहिल्याच भेटीत घे. सुधारलेली प्रश्नावली पुढच्या आठवड्यात मला पाठव. माझ्याकडे ऐंशीच्या दशकातली काही कार्यक्रमपत्रके आणि रंग उडालेली छायाचित्रे आहेत. येशील तेव्हा स्कॅनर घेऊन ये, आणि दुपारचे जेवण इथेच कर, म्हणजे संध्याकाळपर्यंत सवडीने बसता येईल.

तुझा,
काका