तहात काय दिलं, आणि हातात काय उरलं?

प्रश्न : बाई, १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवरायांनी २३ किल्ले मोगलांना दिले आणि पुढे परत घेतले. मग पूर्वेकडच्या डोनेत्स्क प्रांताचा अजून हातात उरलेला भाग रशियाला देऊन युक्रेननं आपली माणसं का वाचवू नयेत? माघार म्हणजे शरणागती नव्हे, असं तुम्हीच वर्गात सांगायचात.
— एक माजी विद्यार्थी

उत्तर : सांगायचे, आणि आजही तेच सांगेन. पण तहात काय दिलं यापेक्षा हातात काय उरलं, हे आधी बघायचं. महाराजांकडे १२ किल्ले उरले, त्यात राजगड होता. जिवाभावाची माणसं उरली. १६७० मध्ये कोंढाणा परत आला तो या उरलेल्याच्या जोरावर.

आता १९३८ चं म्युनिक आठव. चेकोस्लोव्हाकियाचा सीमेवरचा पट्टा, सुडेटेनलँड, जर्मनीला द्यायचं ठरलं त्या बैठकीत चेक प्रतिनिधींना बसायलाही मिळालं नाही. त्यांची काँक्रीटची सीमेवरची तटबंदी बरीचशी त्याच पट्ट्यात होती. पट्टा गेला, तटबंदी गेली, आणि १५ मार्च १९३९ ला हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरलं. डोनेत्स्कबद्दल मला हीच धास्ती वाटते. स्लोव्हियान्स्क, क्रामातोर्स्क ही शहरं युक्रेननं वर्षानुवर्षं खंदक खणून, मोर्चे बांधून धरून ठेवली आहेत. ती न लढता सोडली तर पुढचा हल्ला अडवायचा कुठे?

तुझ्या बाजूनं सगळ्यात भक्कम दाखला फिनलंडचा आहे, तोही सांगते. मार्च १९४० मध्ये सोव्हिएत संघाशी चाललेलं युद्ध थांबवायला त्यांनी सीमेवरच्या कारेलियाचा मोठा भाग त्याला दिला. राष्ट्राध्यक्ष क्योस्ती कालिओ म्हणाले होते की असल्या कागदावर सही करणारा हात झडून जावो. त्याच वर्षी झटका येऊन त्यांचा उजवा हात लुळा पडला. चार लाखांहून जास्त माणसं घरंदारं सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये आली. परक्या राजवटीत राहायला जवळजवळ कुणीच मागे थांबलं नाही. देश टिकला हे खरं. पण जून १९४१ मध्ये तो पुन्हा युद्धात उतरला, या वेळी जर्मनीच्या बरोबरीनं, आणि १९४४ मध्ये तोच कारेलिया त्याला दुसऱ्यांदा सोडावा लागला. जमीन देऊन मिळालेली शांतता सव्वा वर्ष पुरली.

शिवाय नकाशावर माणसं दिसत नाहीत. इतकी वर्षं नकाशे काढून शिकवलं, तरी ही गोष्ट मला फार उशिरा कळली. रशियानं घेतलेल्या भागात शाळांमधून रशियन अभ्यासक्रम आला, लोकांवर रशियन पासपोर्ट लादले गेले. आपण ‘जमीन देऊन टाका’ म्हणतो तेव्हा हे सगळं त्या मुलांच्या वतीनं मान्य करून टाकतो. तो हक्क ना तुझा, ना माझा. युक्रेनच्या राज्यघटनेचं कलम ७३ सांगतं की देशाच्या भूभागातला बदल फक्त सार्वमतानंच ठरेल. रक्त त्यांचं सांडलं आहे. उद्या थकून त्यांनीच ‘द्या’ असा कौल दिला, तर मी त्यांना भित्रं म्हणणार नाही.

फक्त तहाबरोबर हमी कुणाची, ती मोडली तर कुणाचं सैन्य धावून येणार, हे त्यांनी शंभरदा विचारावं. १९९४ मध्ये बुडापेस्टला त्यांनी आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडून देण्याच्या बदल्यात असाच एक कागद घेतला होता. त्यावर अमेरिका आणि ब्रिटनबरोबर रशियाचीही सही होती.