18व्या शतकातल्या इंग्लिश वहीत ‘मँगो’च्या लोणच्याला काकडी कशी?

तुमचा प्रश्न असा, की 18व्या शतकातल्या एका इंग्लिश घरातल्या हस्तलिखित वहीत ‘मँगो’चं लोणचं आहे, पण साहित्यात काकड्या आहेत. लिहिणारीची चूक आहे का, आणि आज ते करता येईल का?

चूक नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आंबा तिकडे पोचायचा तो लोणचं होऊनच. ताजा आंबा इतके महिने टिकणार कसा? म्हणून इंग्लंडमध्ये ‘मँगो’ म्हणजे मसाला भरलेलं लोणचं, असा अर्थ रूढ झाला. काकडी, खरबूज, पीच, कशाचंही ‘मँगो’ होई.

आधी समासात ‘प्रोबॅटम एस्ट’ असा लॅटिन शेरा आहे का बघा. तो असेल तर कृती करून पाहिलेली आहे. या वह्यांत नुसत्या उतरवून ठेवलेल्या कृतीही पुष्कळ असतात.

कृती साधारण अशी: मोठ्या, टणक काकड्या अंडं तरंगेल इतक्या खाऱ्या पाण्यात काही दिवस ठेवायच्या. लिटरला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम मीठ लागतं. अंड्यानेच पारखणार असाल तर ते ताजंच घ्या. शिळं अंडं कमी मिठातही वर येतं, आणि मीठ कमी पडलं की काकडी बुळबुळीत होते. मग बाजूने लांबट फोड कापून बिया कोरायच्या, आत मोहरी, लसूण, आलं आणि किसलेलं हॉर्सरॅडिश (मोहरीसारखं झणझणीत मूळ) भरायचं, फोड परत बसवून दोऱ्याने बांधायची आणि वरून उकळतं व्हिनेगर ओतायचं.

व्हिनेगर क्वार्टमध्ये, म्हणजे पाव गॅलनच्या मापात दिलेलं असेल. 1824च्या कायद्याने ब्रिटनमधलं माप बदललं. त्याआधीचा वाइनचा क्वार्ट सुमारे 946 मिली, आताचा ब्रिटिश 1136. इथे काही अडत नाही, काकड्या बुडल्या की झालं. त्याच वहीतला केक करायला घ्याल तेव्हा मात्र हा फरक नडेल.

एक गोष्ट अजिबात पाळू नका. काकडी हिरवीगार राहावी म्हणून पितळी भांड्यात व्हिनेगर उकळायला सांगितलेलं असतं. बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकतं हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तो हिरवा रंग म्हणजे उतरलेलं तांबंच, आणि ते विषारी असतं. स्टीलचं पातेलं वापरा. काकडी पिवळट-मेंदी रंगाची होईल, ती तशीच असू द्या.